शोभेची वस्तू

अक्षर बरं म्हणून मला शाळेतून इथं धाडलं.
मुरुडच्या पुळणीवर, सुरूच्या रांगेखाली
चाळीस मांडव, चाळीस पुठ्ठे, दोन स्केचपेन.
कमानीवर आदिवासी हस्तकला महोत्सव,
खाली उद्घाटकांची नावं, त्याखाली बँकेचं.
विकणाऱ्यांना नुसते आकडे.

एकोणीसमध्ये पिंगुळीचे ठाकर.
बाहुल्यांचे दोरे वाऱ्यानं एकात एक,
म्हातारा दातांनी गाठ सोडवतोय
आणि राजा त्याच्या मांडीवर उताणा.
तेविसात डहाणूची वारलीण.
पीठ नाही, डब्यातला रंग आहे,
खाऱ्या हवेत पिठाला बुरशी धरते,
हे ती न विचारता, आधीच सांगून टाकते
चोरी पकडली गेल्यासारखं.
तारप्याला व्यासपीठावर सात मिनिटं दिली होती.
पाहुण्यांची गाडी साळावच्या पुलावर अडकली
म्हणून वाजवणारा पाऊण तास वाजवत राहिला.

सत्ताविसात बुधी हिलम.
फणसाडच्या रानाकडची वाडी, कातकरी.
पुढ्यात अकरा खोइना,
ओल्या बांबूचा वास अजून गेला नव्हता.
सूचनापत्रात तीन रकाने:
वस्तूचे नाव, उपयोग, किंमत.
साहेब कानाशी म्हणाले, मासेबिसे नको,
लोक नाक मुरडतात.
मी वळणदार लिहिलं
बांबूची शोभेची वस्तू, रु. ३५०.

खोइनांच्या मागून एक डोकं वर आलं.
दर्शना. माझ्याच वर्गातली, इयत्ता चौथी,
दिवाळीपासून हजेरीत रोज एक फुली.
तिनं बोट ठेवून, जोडाक्षराशी थांबत,
मी शिकवलं तसं,
आजीला पुठ्ठा वाचून दाखवला.

"शोभंची म्हंजे?" बुधीनं विचारलं.
मी म्हणालो, घरात ठेवायची. बघायची.
"बघायची," ती म्हणाली, आणि हसली नाही.
मग एक खोईन मांडीवर घेऊन
तोंडातून हात आत घातला, कोपरापर्यंत.
काढताना काड्यांची टोकं
आतून तिच्या कातडीत रुतली,
पांढरे ओरखडे उठले, एकावर लाल ठिपका.
"अशी. येताना वाट, जाताना नाय.
वलगणीला लावायची, धारेच्या अंगानं.
आता काय बघतोस, बघ."

दर्शनानं माझ्या हातातलं स्केचपेन घेतलं.
पुठ्ठा उलटा केला.
खोइन. मासा आत जातो. भाएर येत नाय.
तीन चुका.
बावीस वर्षं मी लाल पेन बाळगून आहे.
ते खिशातच होतं.

उन्हं उतरता एक पुण्याची बाई आली,
तिनं मागचं वाचलं, पुढचं वाचलं,
विचारलं, यात बल्ब बसेल का?
बुधी माझ्याकडं बघू लागली.
बसेल, मी म्हणालो.
मग दोनशेवर आली, मग अडीचशे,
बुधीनं नोट पदराच्या टोकाला बांधली
आणि म्हणाली, उजेड तरी अडकंल.
बाई खूश झाली. तिला ते वाक्य हवं होतं.
वहीत लिहून घेतलं.

रात्री मांडव सोडताना
भरतीचं पाणी सुरूंच्या मुळांपर्यंत.
सात खोइना उरल्या. मुकादमाचा टेंपो
रस्त्यावर दिवे न विझवता उभा,
पेणच्या पलीकडची वीटभट्टी, उचल आधीच घेतलेली.
दर्शना सामानावर चढून बसली, एक खोईन उशाला.
"गुरुजी, पुठ्ठा नेऊ?"
ने, म्हणालो.
परीक्षेला ये, असंही म्हणालो बहुतेक,
पण तोवर इंजिन सुरू झालं होतं.

सोमवारी हजेरी. तिच्या नावाशी आलो.
पोरं म्हणाली, नाय, गुरुजी.
मला माहीत होतं. तरी दोनदा हाक मारली.